लाल रंगाखालची भेग

मी एक जुने ओतीव लोखंडाचे चाक आहे. पोतोसी शहरापलीकडच्या एका कथिलाच्या खाणीवर, उंच मनोऱ्यात माझे आयुष्य गेले. माझ्यावरून दोर धावतो आणि माणसांचा पिंजरा खाली-वर होतो.

मित्रांनो, मला ओतताना लोखंड कमी पडले, म्हणून दुसऱ्या भट्टीतले आणून भर घातली. वरून मी एकसारखे दिसते. आतून मात्र कुठे मऊ, कुठे काचेसारखे कडक. एका हिवाळ्यात मला भेग पडली. कडक भागातून ती सुसाट धावली आणि मऊ पट्ट्यापाशी अडली. मग चौदा वर्षे ती केसाकेसाने सरकत राहिली. भेग असूनही टिकले म्हणून लोक माझे कौतुक करत. मला मात्र ठाऊक होते, की पट्ट्यापलीकडे पुन्हा कडक लोखंड आहे आणि तिथे तिला अडवणारे कोणी नाही.

दोर सोडणारा कासियानो भेगेच्या टोकाशी दर सोमवारी खडूची खूण करी. यंदा कार्निव्हलच्या सणाला, रिवाजाप्रमाणे यंत्रांवर दारू शिंपडताना, त्याला माझ्याबद्दल फार प्रेम दाटून आले. त्याने मला जाड लाल रंग फासला. खूणही गेली, भेगही गेली.

सणानंतरच्या पहिल्याच पाळीला, बाहेर दगड फोडणाऱ्या फोर्तुनाताने हातोडा थांबवला.

"कासियानो, तुझं चाक घोगरं बोलतंय."

"माझ्यापेक्षा जास्त प्यायलंय ते, ताई."

"तीस वर्षं दगड फोडतेय मी. फुटायच्या आधी दगड असाच बोलतो. रंग खरवड."

"सणाचा रंग? खाणीचा धनी, तो खालचा देव, रुसेल."

"रुसू दे. खाली माझा लेक आहे."

ती स्वतःच शिडी चढली आणि तिने रंग खरवडला. भेगेचे टोक जुन्या खुणेच्या चार बोटे पुढे गेले होते. मऊ पट्टा जेमतेम नखभर उरला होता. खाली नऊ माणसे होती आणि वर यायला माझ्याशिवाय वाट नव्हती.

"एकेकाला आण," फोर्तुनाता म्हणाली. "हळू."

आठ जण वर आले आहेत. कोणीही घरी गेलेले नाही. आधी इतरांना पाठवून तिचा लेक मागे राहिला आहे.

मित्रांनो, तुमच्या जुन्या यंत्रांना सणाला जरूर सजवा, पण आधी त्यांच्या अंगावरून हात फिरवून बघा. मला भीती वाटते आहे. तो पिंजऱ्यात चढल्याची घंटा खालून वाजली आणि कासियानोने दोर ताणला आहे.