माझ्या डोळ्यांत राहिलेली कात

मी एक गेको. पाल म्हणालात तरी भांडणार नाही, पण भिंतीवर चढते ती वेगळी आणि मी वेगळा. मला भिंत चढता येत नाही, तिला पापण्या नाहीत, मला आहेत. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, म्हणून लोक मला बिबट्या गेको म्हणतात. घरात मात्र मी शेपट्या, कारण एके काळी माझी शेपटी गाजरासारखी जाड होती. आता ती तशी नाही. आता मी म्हातारा आहे, आणि नुकतंच माझ्यावर जे गुदरलं त्यातून अजून सावरलेलो नाही. अहो, माझ्याच कातडीनं माझे डोळे बंद केले. परक्यानं केलं असतं तर एक वेळ समजलं असतं.

एका हौशी माणसाच्या कपाटातल्या डब्यात मी अंड्यातून बाहेर आलो. तिथून मला एका शाळकरी मुलीनं घरी आणलं. तिच्याकडे रुळतोय न रुळतोय तोच माझं अंग पिठात लोळल्यासारखं पांढरं पडलं. मला वाटलं, आटोपला कारभार. मग नाकाजवळ कातडी सुटली, मी ती तोंडात धरून ओढली, तर सदरा उतरावा तशी अख्खी अंगावरून उतरली. तिचं काय करायचं ते सुचेना, म्हणून खाऊन टाकली. पोरगी किंचाळत आईकडे पळाली. दोघींनी पुस्तक काढून वाचलं तेव्हा कळलं की आम्ही आमची कात खातोच. माणसं दुकानाला नवा रंग दिला तरी ‘दुकानानं कात टाकली’ म्हणून खूश होतात. प्रत्यक्ष टाकून बघा म्हणावं एकदा.

पुस्तकात वाचूनच तिनं माझ्या काचेच्या पेटीत एक झाकणाचा डबा ठेवला. त्याला आत शिरण्यापुरतं भोक आणि आत ओलं शेवाळ. कात सुटायची वेळ आली की मी त्यात जाऊन बसायचो. ओलीनं कातडी मऊ व्हायची आणि बोटांच्या टोकांपासून पापण्यांच्या आतपर्यंत सगळी सुटून यायची. वर्षानुवर्षं माझं हे न्हाणीघर बिनबोभाट चाललं.

पोरगी मोठी झाली, बोटीवर नोकरीला लागली. बोटीवर मला कोण नेणार? तिनं मला तिच्या मावशीकडे आणून ठेवलं. मावशीची लॉन्ड्री आहे. पुढे कपडे धुवायची यंत्रं, मागे इस्त्रीचं टेबल आणि टेबलाशेजारच्या फळीवर मी.

“खालून ऊब राहू दे, अळ्या दे, पाणी बदल, आणि हा डबा कायम ओला ठेव,” पोरगी बूट घालता घालता म्हणाली.

“ओला?” मावशी म्हणाली. “बरं.”

त्या ‘बरं’मध्ये काय आहे ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मावशीचं जगात एकाच गोष्टीशी हाडवैर आहे, ते म्हणजे ओल. कपड्यात जरा ओल राहिली की वास येतो, आणि वास आला की गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही. यावर तिचा उभा जन्म गेलेला. तिनं माझा डबा उघडला, नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं.

“अगं बाई, यात राहतो हा? कुजेल की बिचारा. वाळवंटातला जीव, त्याला कशाला असला गारठा?”

शेवाळ गेलं केराच्या टोपलीत. डबा घासून, पुसून, उन्हात वाळवून परत आला, आणि त्यात मावशीनं एक नॅपकिन इस्त्री करून चौघडी घालून ठेवला. गरम, कडक, छान वासाचा. तुम्हाला खरं सांगतो, मी हरखून गेलो. माझ्यासाठी आजवर कुणी काही इस्त्री केलं नव्हतं. दर दोन दिवसांनी ताजा नॅपकिन यायचा, आणि ठेवताना मावशी माझ्या डोक्यावरून बोट फिरवायची. जीव लावला तिनं मला.

आणि माझी कात सुटेनाशी झाली. आधी बोटांना धाग्यासारखी कातडी आवळून बसली. दोन बोटांची टोकं काळी पडून गळून गेली. माझी बोटं, आणि मी नुसता बघत राहिलो. मग एकदा पापणीच्या आत एक तुकडा राहिला. पुढच्या कातीला त्यावर दुसरा बसला, त्यावर तिसरा. मावशीला कळायचं तरी कसं? मी कात खातो, त्यामुळे सकाळी पेटी लख्ख. झालं याचं काम, असं तिला वाटायचं. मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणतात ना, ती माझ्या वेळेला नेमकी कुणाच्याच मनात चुकचुकली नाही.

मलाही काही उमगलं नाही. आधी वाटलं, दिवा म्हातारा झाला. मग वाटलं, दुकानात वाफ फार झाली. मग अळ्या मला चुकवायला लागल्या, तेव्हा वाटलं, हल्लीच्या अळ्या भलत्याच हुशार निघाल्या. मी झेप घ्यायचो आणि तोंडात वाळू यायची. शेवटी खाणंच सोडलं. शेपटी सुतळी झाली.

कपडे घरोघर पोचवणारा सायकलवाला पेटीत डोकावून म्हणाला, “वय झालं हो मावशी. मोतीबिंदू असणार.”

“असेल,” मावशी म्हणाली. “माझाही काढलाच की. पण याला कुठे चष्मा लावू?”

आणि मीसुद्धा मान्य करून टाकलं, की हो, वय झालं. आठवलं की अजून माझं मला नवल वाटतं.

मग एक दिवस पोरीचा फोन आला, चेहरा दिसणारा. मावशीनं फोन पेटीसमोर धरला.

“मावशी, याचे डोळे मिटलेले का आहेत? आणि इतका वाळलाय? ओला डबा कुठाय?”

मला दिसत नव्हतं, पण मावशीनं इस्त्रीचा खटका बंद केल्याचा आवाज ऐकू आला. भर कामाच्या वेळी तिनं इस्त्री बंद केलेली मी कधी ऐकली नव्हती.

त्याच दुपारी आम्ही प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला कोमट पाण्यात बसवलं आणि थांबून राहिल्या.

“कोरडं ओढलं तर पापणी फाटेल. भिजू दे आधी.”

“कोरड्या कापडाची चुणी निघतच नाही,” मावशी अगदी हळू म्हणाली. “दिवसभर पाणी शिंपडते मी डॉक्टर. लोकांच्या शर्टांवर शिंपडते. हा हातभर अंतरावर होता.”

माणसं डोळ्यांवर कातडं ओढतात ती सोयीसाठी. माझ्या डोळ्यांवरचं खरंखुरं होतं, आणि बाईंनी ते चिमट्यानं काढायला घेतलं तर संपेचना. “एक पापुद्रा, त्याखाली दुसरा, त्याखाली पिवळट गोळा,” बाई सांगत गेल्या. कागदावर ढीग झाला म्हणे. एवढं सगळं माझ्या डोळ्यांत? मी हबकलो.

“डावा गेलाय,” बाई म्हणाल्या. “उजव्याचं सांगता येत नाही. औषध घाला, मी देते ती पेस्ट भरवा. आठवडाभरात दिसून स्वतः खायला लागला तर जगेल. नाही तर याचे हाल करू नका. आणा, मी शांतपणे झोपवीन.”

“वयामुळे झालं ना हो हे?” मावशीनं विचारलं. तिला ‘हो’ ऐकायचं होतं.

“नाही. ओल नव्हती म्हणून झालं.”

घरी आल्या आल्या मावशीनं पुन्हा शेवाळ आणून डबा ओला केला. मग रोज डोळ्यात थेंब घालायची, तोंडात पेस्ट घालायची, आणि प्रत्येक वेळी म्हणायची, “माझ्या हातून झालं रे.” मला सांगावंसं वाटायचं, मावशी, नॅपकिन झकास होता. आठवडा सरत आला. उजव्या डोळ्यापुढे नुसता उजेड होता, बाकी काही नाही. परवा तिनं मला डॉक्टरीणबाईंकडे न्यायची पेटी फडताळातून खाली काढून ठेवली, ते मी आवाजावरून ओळखलं.

काल संध्याकाळी तिनं चिमट्यात अळी धरून समोर हलवली. रोजच हलवायची. पण काल उजेडात काहीतरी वळवळलं. मी बघितलं. खरोखर बघितलं. उरलासुरला जोर लावून झेप घेतली आणि जबडा घट्ट मिटला.

एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अळी राहिली बाजूला, मी मावशीचं बोट धरलं होतं.

मी हादरलो. सोडावं, तर जबडा सुटेना. आता ही हात झटकणार आणि मी भिंतीवर आपटणार, एवढंच डोक्यात आलं. तिचा हात हललासुद्धा नाही. मी उजवा डोळा वर केला तर मावशीचा चेहरा समोर होता, माझ्या आठवणीतल्यापेक्षा पुष्कळ थकलेला, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

“चाव,” ती म्हणाली. “चाव रे बाबा. अजून चाव.”

आज मी काणा आहे, बोटं कमी आहेत, पण दोन अळ्या खाल्ल्या. तिसरी चुकली. तुमच्या घरात कुणी म्हातारं असेल, माणूस असो की जनावर, आणि ते जेवणावरून उठायला लागलं तर लगेच ‘वय झालं’ म्हणू नका. आधी जवळ बसून त्याच्या डोळ्यांत बघा. मावशी आता रोज बघते. बोटाला पट्टी आहे तिच्या, आणि दुकानात येईल त्याला ती पट्टी दाखवून सांगते, “आमच्या शेपट्याला दिसतंय.”