जंगलाच्या चित्रामागची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. वस्तूने आपली कहाणी सांगायची म्हणजे शांत सुरात सांगायची आणि शेवटी डोळे पुसायचे, अशी रीत आहे म्हणतात. मला ते जमणार नाही. माझे डोळे पुसायचे काम आमच्या कचेरीतली ताई करते, आणि माझ्या डोळ्यांवर काय ठोकले होते ते ऐकलेत तर तुम्हीही चिडाल.

मी एकटी जन्मले नाही. मी आणि माझी जुळी बहीण एकाच जुन्या, पक्क्या लाकडातून निघालो. रंगीत कापडाचा धंदा करणाऱ्या एका कचेरीसाठी सुतार आम्हाला घडवत होता. थोरले मालक रोज येऊन त्याच्या डोक्याशी उभे राहायचे.

"दोन्ही उत्तरेला बसव," ते म्हणाले.

"लोक पूर्वेची खिडकी मागतात, मालक. उत्तरेला ऊन कुठलं यायला?"

"म्हणूनच. मला ऊन नको, उजेड हवाय. उन्हात कापड सकाळी एक रंग दाखवतं, दुपारी दुसरा. उत्तरेचा उजेड दिवसभर एका सुरात असतो."

सुतार पुटपुटत राहिला, पण काम त्याने चोख केले. बहीण मालकांच्या खोलीत बसली आणि मी बाहेरच्या मोठ्या खोलीत. दोघींच्या बिजागऱ्या अजून कुरकुरत नाहीत. उगीच बढाई मारत नाही, कधी येऊन उघडून बघा.

मग माझ्याकडे शेडताई आली. कापडाच्या धंद्यात रंगाच्या छटेला शेड म्हणतात, आणि ती जुळवणे हे तिचे काम, म्हणून सगळे तिला शेडताई म्हणू लागले. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवायचे. रंगखान्यात त्याच रंगाचे कापड तयार व्हायचे. ताई दोन्ही तुकडे माझ्याखालच्या मेजावर शेजारी ठेवायची आणि मान तिरकी करून बघायची. "हा निळा जरा रुसलाय," ती म्हणायची, नाहीतर "पिवळा आगाऊपणा करतोय, परत पाठवा." ती "जुळला" म्हणाली की ट्रक भरायचा. काम सुरू करण्याआधी ती आपल्या रुमालाने माझी काच पुसायची. खिडकी मळली की निळाही मळतो, असे तिचे म्हणणे होते. ती तरुण होती तेव्हापासून तिचे केस पिकेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून हे काम केले, आणि आमचे कापड कधी परत आले नाही.

थोरले मालक थकले. धाकटे मालक त्यांच्या खुर्चीत बसले आणि त्यांच्या मनाने घेतले की आपली कचेरी पर्यावरणाला धरून असली पाहिजे. विचार सोन्यासारखा होता. पण त्यांनी बोलावले एका सजावटकाराला, आणि तिथे सगळे बिनसले.

"ह्या खिडक्या फार जुनाट दिसतात," सजावटकार माझ्या चौकटीवर टिचकी मारत म्हणाला. "दोन्हींवर हिरवी भिंत करू."

"हिरवी म्हणजे?"

"जंगलाचं हे एवढं मोठं चित्र. वरून वेली सोडू. पाणी घालायला नको, पानं गळायला नकोत. प्लास्टिकच्या आहेत!"

"झकास!" धाकटे मालक म्हणाले.

"आणि उजेडाचं काय?" ताईने विचारले.

"ताई, छतात एवढे दिवे लावतोय, की सावलीला बसायला जागा राहायची नाही."

ताई हसली. "मग काय, छानच होईल," ती म्हणाली. तिला तरी काय ठाऊक? आजवर तिने माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या उजेडात काम केलेच नव्हते.

आधी भरीव लाकडाची मेजे गेली. एकाचाही पाय हलत नव्हता, तरी ती तोडून कचऱ्याच्या गाडीत भरली. त्यांच्या जागी भुसा दाबून केलेल्या फळ्यांची मेजे आली, आणि त्यांच्याबरोबर डिंकाचा उग्र वास आला. मग माझ्यावरही तसलीच भुशाची फळी ठोकली. तिच्यावर चित्र चिकटवले. सगळ्यात शेवटी धाकट्या मालकांनी स्वतःच्या हाताने एक चकचकीत पाटी लावली, 'हरित कार्यालय'. ही पाटी त्यांना कुणी दिली म्हणता? कुणीही नाही. त्यांनीच ती बनवून घेतली होती. तिचा खिळा फळीतून आरपार येऊन माझ्या काचेसमोर थांबला. रोज सकाळी उजेड माझ्या काचेतून आत शिरायचा आणि चार बोटांवर त्या फळीला आपटून मरायचा. पलीकडे भर दुपारी झाडून सगळे दिवे चालू. झाडे कशाने जगतात, तर उजेडाने. आणि झाडांच्या चित्रासाठी यांनी उजेडच गाडला! वरून कीर्तन, आतून तमाशा.

फळीमागून मला सगळे ऐकू यायचे. टेलिफोनवर बसणाऱ्या मुलीचा खोकला थांबेना. कुणाचे डोके दुखायचे, कुणाचे डोळे चुरचुरायचे. रजा वाढल्या. "विजेचं बिल एवढं कसं आलं?" म्हणून धाकटे मालक ओरडायचे, आणि तेही दिव्यांखाली उभे राहून.

मग ते इस्पितळाच्या पडद्यांचे कापड गेले. रंग साधा राखाडी होता. ताईने नव्या दिव्यांखाली दोन्ही तुकडे पुन्हा पुन्हा पाहिले आणि "जुळला" म्हणाली. थोड्याच दिवसांत भरलेला ट्रक जसाच्या तसा परत आला, आणि त्याच्यामागून इस्पितळाचे खरेदी अधिकारीही आले.

"पेशंट आधीच पिवळे, त्यात तुमचे पडदे शेवाळी!" ते कडाडले. "हा राखाडी आहे? वॉर्डात लावून बघा जरा!"

"आमच्याकडे तर जुळला होता," धाकटे मालक म्हणाले आणि ताईकडे वळले. "ताई, डोळे तपासून घ्या."

सजावटकार तिथेच होता. "वय झालं की होतं असं," तो म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ताईला सांगितले की डोळे ठणठणीत आहेत. त्याने तिचे समाधान झाले नाही, उलट ती जास्तच घाबरली. एका दुपारी ती त्या जंगलाला टेकून लेकीशी फोनवर बोलत होती. तिचा आवाज माझ्या काचेपर्यंत येत होता.

"डॉक्टर काहीही म्हणू देत गं. मला जे सारखं दिसतं ते लोकांना वेगळं दिसतं. आता कुठलाच रंग बघून खात्री वाटत नाही. तुझ्या लग्नातली साडीसुद्धा काल कपाटातून काढून बघत बसले, हीच का ती म्हणून. सोडते मी हे काम. आणखी कुणाचं नुकसान नको."

मित्रांनो, चार बोटांवर मी होते! तिच्या डोळ्यांना काहीही झाले नव्हते, हे मला माहीत होते, आणि लाकडाला जीभ नसते. त्या दिवसाइतका संताप मला कधीही आला नाही.

पण भुशाच्या फळीची एक खोड असते. पाणी लागले की ती फुगते. थंड हवेच्या यंत्रातून टपकणारे पाणी माझ्यावरच्या फळीत मुरत होते आणि तिची एक कड सुटत चालली होती. ताई निरोप घ्यायला मालकांच्या दाराकडे निघाली, तोच वीज गेली. ऐन दुपारी कचेरीत काळोख झाला. सगळे चाचपडू लागले. फक्त फुगलेल्या कडेतून माझा उजेड एका पट्टीएवढा बाहेर पडला, आणि तो थेट ताईच्या मेजावरच्या, इस्पितळाच्या त्या दोन तुकड्यांवर पडला. एक राखाडी होता आणि दुसरा शेवाळी.

ताई थबकली. तिने तुकडे उचलले, त्या पट्टीत धरले आणि मान तिरकी केली. मग तिने दोन्ही हातांची बोटे फळीच्या फटीत घातली आणि सगळे बळ लावून ओढले. फळी लिबलिबीत झालीच होती. जंगल फाटले, वेली लोंबल्या आणि 'हरित कार्यालय' खणकन जमिनीवर आपटले.

"अहो ताई, भिंत काय फोडताय!" धाकटे मालक धावत आले.

"भिंत कुठली? भुसा आहे हा. हे बघा. माझे डोळे गेले नव्हते, मालक. उजेड गेला होता."

तेवढ्यात वीज आली आणि दिव्यांखाली दोन्ही तुकडे पुन्हा जुळे भाऊ दिसू लागले. मालकांनी दिवे घालवले, लावले, परत घालवले. बटणाशी खेळणारे पोर दिसत होते ते. ताईने रुमाल काढला आणि माझी काच पुसली. पुसताना ती रडत होती, आणि मीही स्वच्छ झाले.

सजावटकार दुसऱ्या दिवशी हजर. "हुबेहूब दिवसासारखा उजेड देणारा एक दिवा मिळतो. महाग आहे, पण या खिडकीसमोर शोभून दिसेल." काखेत कळसा आणि गावाला वळसा! ताईने माझी दोन्ही दारे उघडली. दिवा तसाच परत गेला.

आता माझ्याजवळचे दिवे दिवसा बंद असतात. वास उडून गेला, खोकला थांबला, कापड परत येत नाही. धाकटे मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की निसर्गाची काळजी घेतली की धंद्याचेही भले होते. जणू हा शोध त्यांचाच! थोरल्या मालकांनी हा हिशेब सुताराच्या डोक्याशी उभे राहूनच केला होता.

आणि माझा राग गेलेला नाही. कारण मालकांच्या खोलीतले जंगल अजून तसेच आहे. गिऱ्हाइकांना ते चित्र आवडते म्हणे. रोज दुपारी मालकांचे डोके दुखते, ते कपाळ दाबत गोळी घेतात आणि त्या चित्राकडे तोंड करून बसतात. त्यांच्या पाठीशी नाही, मित्रांनो, अगदी त्यांच्या नाकासमोर माझी बहीण उभी आहे.

तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही कचेऱ्या होतील. नवे काही ठोकण्याआधी, जुने तिथे कशासाठी होते ते एकदा विचारा. आणि कुठे भर दुपारी दिवे जळताना दिसले, तर भिंतीवर बोटाने ठोकून बघा. पोकळ वाजली, तर फळी ओढा. कुणाची परवानगी मागत बसू नका.