बंडूजींची कूस

आचल एका जागी पाच मिनिटं बसली तर तिला ताप आलाय असं घरचे समजत. पवनारला धाम नदीच्या काठाने त्यांची वांग्या-टोमॅटोची वाडी होती आणि तिची आई म्हणायची, हिला तोडायला पाठवलं की ही दुसऱ्याच्या ओळीतली वांगीसुद्धा तोडून येते. एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आली तरी खोड तीच. वॉर्डात कुणाचं सलाइन संपत आलेलं दिसलं, की ज्याचं काम आहे त्याला हाक मारण्याआधी हिचा हात तिथे पोचलेला असे. सगळे तिचं कौतुक करत. छाया थूल मॅडम तेवढ्या करत नसत.

छाया मॅडम त्या वर्षी एक नवा विषय शिकवत होत्या. नाव लांबलचक होतं, पण त्यांनी पहिल्याच तासाला ते गुंडाळून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "काय करायला पाहिजे ते पुस्तकात आहे आणि ते तुम्हाला पाठ आहे. ते वॉर्डात का होत नाही, हे मला शोधून सांगा. एक छोटा बदल करून बघा, काय झालं ते मोजा, मग पुन्हा बदला. आणि तुम्ही निघून गेल्यावर जे टिकेल, तेवढंच तुमचं."

शेवटचं वाक्य आचलने उतरवून घेतलं आणि विसरून गेली.

तिने निवडलेला प्रश्न साधा होता. पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात लकव्याचे, पडून असलेले रुग्ण असतात. त्यांची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीखालची कातडी आधी लाल होते, मग फाटते, मग सडते. हे वॉर्डातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण सिस्टर दोन आणि खाटा चाळीस, त्यामुळे कूस बदलायची ती राहूनच जाई. आचलने ठरवलं, प्रत्येक रुग्णाजवळ घरचं कुणी ना कुणी बसलेलं असतंच, त्यांनाच शिकवू. तिने शिकवलं. चित्रं काढून लावली, करून दाखवलं, करून घेतलं. महिन्याभरात तिच्या आलेखाची रेघ अशी वर चढली की वर्गातला अश्वजित म्हणाला, "बापा, ह्या रेघेले छत लागन."

मॅडमनी आलेख बघितला आणि विचारलं, "यातल्या किती कुशी तू स्वतः बदलल्यास?"

खरं तर बहुतेक आचलनेच बदलल्या होत्या. घरच्यांना शिकवायचं, ते जरा चाचरले की "द्या, मी करतो" म्हणायचं आणि करून मोकळं व्हायचं. तिला त्यात काही चुकलं असं कधी वाटलंच नव्हतं.

"सोमवारपासून तुझी पोस्टिंग लहान मुलांच्या वॉर्डात आहे," मॅडम म्हणाल्या. "तोपर्यंत तू कुणाची कूस बदलायची नाहीस. फक्त बघायचं आणि मोजायचं. कातडी लाल दिसली तर मात्र हा नियम गेला खड्ड्यात, आधी कूस बदल आणि सिस्टरला सांग. पेशंट आपल्या अभ्यासासाठी नाही."

"मॅडम, रेघ पडेल."

"पडू दे की. पडली तर तशीच दाखवायची."

हे बोलणं मॅडमना सोपं होतं. वॉर्डात हात मागे घेऊन उभं राहायचं होतं आचलला. तिला ते जमेना. ती खिडकीपाशी गेली, परत आली, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा खिडकीपाशी गेली. भगत सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज, म्हणाल्या, "अवं, एका जागी उभी राह्य ना माय! मलेच चक्कर येऊन राह्यली."

आणि रेघ पडली. काही खाटांवर घरचे आठवणीने करत, काहींवर एखाद वेळ. बंडूजींच्या खाटेवर मात्र काहीच होत नव्हतं.

बंडूजी साठीच्या पुढचे, बोरगाव मेघेचे. उजवं अंग लकव्याने गेलेलं, बोलणं जड पण समजण्याजोगं. मुलगा हेमराज हिंगणघाटला कामाला, तो फक्त रविवारी येई. बाकी दिवस सून बसायची, मोनाली. डोक्यावर पदर घेऊन स्टुलावर बसलेली असे. सासऱ्याला चमच्याने भरवायची, पाणी पाजायची, तोंडावरची माशी हाकलायची. कूस तेवढी बदलत नसे. आचलने तिला दहादा दाखवलं होतं, आणि दहाही वेळा तिने "हो सिस्टर" म्हणून मान हलवली होती. आता आचल कोपऱ्यातून बघत होती. दोन तास गेले, चार गेले. मोनाली पदर सारखा करत बसून राहिली. आचलच्या अंगाची लाहीलाही झाली. कसली ही बाई? आपला माणूस डोळ्यांसमोर सडायला टाकते?

गुरुवारी तिने बंडूजींना वळवून पाठ बघितली. माकडहाडावर लाल चट्टा उठला होता. तिने बोट दाबून उचललं. बोटाखाली पांढरं पडायला हवं होतं, ते पडलं नाही. म्हणजे आता थोडेच दिवस हातात होते. त्यात सोमवारी ती इथून जाणार होती. तिने बंडूजींना कुशीवर ठेवलं, पाठीला उशी लावली, भगत सिस्टरना सांगितलं, आणि मग तिचा तोल गेला.

"मोनालीताई, किती वेळा सांगतलं तुमाले? हात मोडले का तुमचे? दिवसभर नुसत्या बसून राह्यता! तुमच्या स्वतःच्या बापाले असं पडू देलं असतं का तुम्ही?"

साऱ्या वॉर्डाने ऐकलं. शेजारच्या खाटेवरच्या भावाला चहा पाजणारे प्रेमदास कप तसाच धरून राहिले. मोनाली उठली आणि व्हरांड्यात निघून गेली.

तेव्हा बंडूजी बोलले. महिनाभर "हो बाई, बरं बाई" याच्यापुढे न गेलेला माणूस जड जिभेने, एकेक शब्द ढकलत बोलला.

"तिले काऊन बोलून राह्यली तू? तिचा काय गुन्हा? तिनं हात लावाले पाह्यलं होतं. म्याच नाई म्हणलं. आतापर्यंत पदर घेतल्याबिगर माह्यासमोर आली नाई ते पोरगी. अन् तिनं साऱ्या लोकाईसमोर माह्या कमरेले हात घालाव? मेलो तरी चालन मले."

बोलता बोलता त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. ते पुसायलासुद्धा हात नीट वर जाईना.

आचलला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने प्रकल्पासाठी सिस्टरना विचारलं होतं, डॉक्टरांना विचारलं होतं, घरच्यांना विचारलं होतं. ज्याची कूस बदलायची, त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. आणि ती काही परक्या मुलखातून आली नव्हती. तिच्या स्वतःच्या घरी आजोबा खोलीत आले की काकू उठून उभी राहत असे. हे सगळं बघत ती वाढली होती. पांढरा कोट अंगावर चढला आणि ते दिसायचं बंद झालं.

व्हरांड्यात मोनाली कठड्याला टेकून उभी होती. आचलने माफी मागितली. मोनाली म्हणाली, "माह्यं जाऊ द्या सिस्टर. पण मामाजीईले कळलं नाई पायजे का मी रडली," आणि तोंड धुऊन आत सासऱ्यापाशी गेली. यापेक्षा तिने दोन शब्द सुनावले असते तर आचलला बरं वाटलं असतं.

मॅडमकडे जाऊन तिने सगळं सांगितलं, सुनेवर ओरडले हेसुद्धा. मॅडम रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावल्याच. "माणसाला चारचौघांत असं बोलतात?" म्हणाल्या. मग जरा वेळाने, "आता त्यांना काय चालेल, ते विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. ती तशीच परत पळाली. खुर्ची ओढून बंडूजींच्या डाव्या बाजूला बसली, तिच्या मानाने बराच वेळ बसली.

"काकाजी, कसं केलं तर चालन तुमाले?"

"हेमराज आला तर चालन."

"तो रविवारी येईन. तोवर?"

"अंगाले हात नाई लागला पायजे तिचा," बंडूजी म्हणाले. "बाकी काई नाई माह्यं."

आचलची नजर त्यांच्या खालच्या चादरीवर गेली. पाठीपासून मांड्यांपर्यंत एक आडवी चादर प्रत्येक पडून असलेल्या रुग्णाखाली घातलेली असते. ती ओढून माणूस वळवायचा असतो. पहिल्या वर्षाला शिकवतात. पण आचलचे हात तयार होते, तिला चादरीची गरज कधी पडली नव्हती, म्हणून तिने घरच्यांनाही हातानेच शिकवलं होतं.

तिने मोनालीला बोलावलं. बंडूजींनी डाव्या हाताने खाटेचा कठडा धरला. मोनालीने पलीकडून चादरीचं टोक मुठीत गुंडाळलं आणि हळूहळू वर उचललं. पहिल्यांदा काहीच हललं नाही. दुसऱ्यांदा बंडूजी अर्धे वळले आणि परत पडले. आचलचे दोन्ही हात पुढे गेले, ते तिने मोठ्या कष्टाने मागे घेतले. तिकडून प्रेमदास म्हणाले, "थांब पोरी, पायाकून मी धरतो." तिसऱ्यांदा जमलं. मोनालीचा पदर डोक्यावर होता तसाच होता. बंडूजींनी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा म्हणाले, "हे चालते."

शनिवारच्या, प्रकल्प मांडायच्या बैठकीत आचलने पडलेली रेघ दाखवली. कोणी खास टाळ्या वाजवल्या नाहीत. एका पाहुण्या सरांनी विचारलं, मग यश कशाला म्हणायचं? तिने तो प्रश्न वहीत उतरवून घेतला.

सोमवारी ती लहान मुलांच्या वॉर्डात गेली आणि तिथे तिचं मन लागेना. त्या चट्ट्याचं काय झालं असेल? भगत सिस्टर सुट्टीवर होत्या. मोनाली लाजून परत स्टुलावर बसली असेल तर? प्रेमदासांच्या भावाला घरी सोडलं असेल तर? मंगळवारी तिने बाळाच्या औषधाचा डोस दोनदा तपासला आणि तरी तिसऱ्यांदा तपासला. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच ती जिना चढून मेडिसिन वॉर्डात गेली. आता घाव पडलेला असणार, या खात्रीनेच गेली.

बंडूजी खिडकीकडे तोंड करून कुशीवर झोपलेले होते. पाठीला उशी नव्हती. त्या जागी जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी लावली होती. शेजारच्या खाटेवर प्रेमदासांचा भाऊ नव्हता. तिथे आता नवा रुग्ण होता आणि त्याच्या बायकोला मोनाली चादरीचं टोक कसं धरायचं ते दाखवत होती. अगदी आचलने दाखवलं तसं नाही. मूठ उलटी, आणि गुडघा खाटेला टेकवून.

आचलने बंडूजींची बंडी हळूच वर करून बघितलं. लाली ओसरली होती. बोट दाबलं, पांढरं पडलं, पुन्हा रंग आला. तिला इतका आनंद झाला की तिथेच बसावंसं वाटलं. मग तिला ती गुंडाळी दिसली. ती जरा खाली हवी, पाठ तीस अंशात कलती हवी, पुस्तकात तसं आहे. तिने हात घातला.

"ऱ्हाऊ द्या सिस्टर," मोनाली मागून म्हणाली. आवाजात राग नव्हता. "उशी घसरते. त्याईले असंच बरं वाटते, झोपले आहेत ते."

आचलने हात काढला. या खाटेपाशी आता तिला करण्यासारखं काही नव्हतं. हेच व्हावं म्हणून महिनाभर जिवाचं रान केलं होतं, आणि ते झालं तर हे असं वाईट का वाटतंय, ते तिला कळेना.

"जेवल्या का तुम्ही?" मोनालीने विचारलं.

"नाई."

"मंग जा ना, जेवून घ्या," मोनाली म्हणाली, आणि घड्याळाकडे एकदा बघून पुन्हा त्या नव्या बाईकडे वळली.