टँकरचा भोंगा

मित्रांनो, चावडीच्या मागच्या खोलीत रिकाम्या पोत्यांखाली जे गंजलेले लोखंडी धूड पडले आहे ना, ते मी. मी एक जुना भोंगा आहे, हाताने फिरवायचा. माझ्या अंगावर पिवळ्या अक्षरांत ‘आपत्ती निवारण अनुदानातून’ असे लिहिले होते आणि त्या अक्षरांचा मला भारी तोरा होता. आज ती अक्षरे पुसली गेली आहेत. गेली ते बरेच झाले.

माझ्या पोटात पाती आहेत, बाजूला दांडा आहे. दांडा फिरवला की आधी मी घोगरा कण्हतो, मग आवाज चढत जातो आणि सगळ्या शिवारात पोचतो. एक खोड मात्र माझ्या जन्माबरोबरच आली. दांडा सोडला तरी मला लगेच गप्प होता येत नाही. पोटातली पाती आपल्याच वेगात फिरत राहतात आणि मी ओरडत राहतो.

मी हिवरदऱ्याला आलो तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवी कचेरी, नवे साहेब, नवा हुरूप! त्याआधी एका पावसाळ्यात ओढ्याच्या पुराने गावाची खालची आळी धुऊन नेली होती. सरपंच सिद्रामप्पा तसे किराणा दुकानदार, पण गावासाठी चिकाटीचे. चाकूरला जाऊन एस.टी. धरायची आणि लातूरच्या कचेरीत जाऊन बसायचे, असे त्यांनी इतके केले की शेवटी साहेबांनी हिवरदऱ्याला अनुदान मंजूर केले. त्यातून मी आलो, माझ्याबरोबर एक लांबलचक जाड दोरखंड आला, आणि लोकांना शिकवायला एक साहेब आले.

साहेबांनी सगळ्यांना चावडीपुढे बसवले. “भोंग्याचा लांब सूर म्हणजे पूर. हातातले असेल ते टाकायचे आणि महादेवाच्या टेकडीवर चढायचे. तुटक सूर म्हणजे आग.” मग मला वाजवून दाखवले. लोक हसत-खिदळत टेकडीवर चढले आणि तसेच उतरले. दर वर्षी अशी रंगीत तालीम घ्यायची, असे बजावून साहेब जीपमध्ये बसले.

माझा दांडा गावच्या कोतवालाकडे, नरसिंगकडे आला. त्याची मावशी नागुबाई टेकडीच्या मध्यावर एकटी राहायची. तिने मला चहूबाजूंनी न्याहाळले.

“नरशा, येवढं मोठं नरडं हाय ह्याला. खातो काय रे?”

“तेल, मावशे. थेंबभर.”

दुसऱ्या दिवशी म्हातारी वाटीत करडईचे तेल घेऊन हजर! तेव्हापासून माझ्या पोटात तेल घालायचे काम तिनेच घेतले. तिच्याइतके लाड माझे कुणी केले नाहीत.

मग पूर राहिला बाजूला आणि दुष्काळ आला. ओढा आटला, बोअर आटले. टँकर येऊ लागला आणि ओढ्याकाठच्या गावविहिरीत पाणी ओतू लागला. टँकरची वेळ काही ठरलेली नसे. बायका घागरी घेऊन दिवस दिवस विहिरीवर बसत. पंचफुला म्हणून एक नवी नवरी होती. एकदा ती चूल बघायला घरी गेली आणि नेमका तेव्हाच टँकर आला. ती परत येईपर्यंत विहिरीत चिखल उरला होता. पोर घागर पुढ्यात ठेवून रडत बसली. नागुबाईने ते पाहिले आणि तडक चावडी गाठली.

“नरशा, तुजा भोंगा काय पुराचीच वाट बघून राहिला का? टँकर आला की वाजव की. पोरी उनात वाळून चालल्या.”

नरसिंगने आधी तुटक सूर लावून पाहिला. पण दूर रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या बायांना तो ऐकू जाईना. तिथवर पोचायचा तो लांब सूरच. नरसिंग बिचकला. त्याने सिद्रामप्पांना विचारले.

“आप्पा, लांब सूर तर पुराचा हाय.”

“पूर? अरे, ओढ्यात चिमनीची चोच भिजंना, अन् तू पुराचं बोलून राहिला! वाजव बिनघोर.”

मित्रांनो, त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. मी ओरडलो की बाया हातातली खुरपी टाकून धावत. पोरे मला ‘टँकरचा भोंगा’ म्हणत. पंचफुला जाता-येता माझ्याकडे बघून हसायची. एवढ्या सुकलेल्या गावात आनंदाची बातमी म्हणजे माझा आवाज! मी फुगून गेलो. विहिरीचे पाणी खोल गेले तसा लोकांना दोर पुरेना. तेव्हा सिद्रामप्पांनी तो जाड दोरखंड बाहेर काढला आणि त्याचे तुकडे करून घरोघर वाटले. कुणाच्याही मनात खोट नव्हती, हे आधी सांगून ठेवतो.

पुढच्या वर्षी साहेब तालमीला आले. नरसिंगने मला फिरवले. घराघरांतून माणसे धावत बाहेर पडली. साहेब चावडीच्या ओट्यावर उभे होते. लोक कुठे धावताहेत ते त्यांनी पाहिले नाही, किती पटकन धावताहेत तेवढेच पाहिले.

“वा, सरपंच! इतके तयारीचे गाव अख्ख्या जिल्ह्यात नसेल,” असे म्हणून त्यांनी चहा घेतला आणि गेले. तिकडे विहिरीवर बाया नरसिंगच्या नावाने बोटे मोडत होत्या. “कुठाय रे टँकर?”

मला तेव्हा त्याचे हसू आले. आज त्या हसण्याची लाज वाटते.

त्याच वर्षी वैशाखातली दुपार. गावावर रणरणते ऊन, पण उत्तरेला डोंगराकडे आभाळ काळेठिक्कर झाले होते. वरच्या गावाला एका पाझर तलावाचे काम अर्धवट झाले होते. तिथल्या शिवप्पाने सायकल दामटत चावडी गाठली. सायकल तशीच टाकून तो ओरडला.

“नरसिंगा, वर ढगच फुटला! तलावाचा बांध गेला. लोंढा येऊन राहिलाय!”

नरसिंग चावडीच्या माळवदावर चढला आणि सगळा जीव लावून त्याने माझा दांडा फिरवला. काय सांगू, मला आनंद झाला. ज्या कामासाठी माझा जन्म झाला, ते काम आज आले होते. मी कधी नव्हे इतका ओरडलो.

माणसे बाहेर आली. त्यांच्या डोक्यावर घागरी होत्या. आणि सगळी ओढ्याकडे धावत सुटली.

“वर जा! टेकडीवर जा! पूर हाय, पूर!” नरसिंग घसा फोडून सांगत होता. पण माझ्या आवाजाखाली त्याचा आवाज कुणाला ऐकू येणार? त्याच्या ते ध्यानात आले. त्याने दांडा सोडून दिला, माझ्या अंगावर थापा मारल्या. “गप, बाबा, गप!” मी थांबू पाहत होतो, मित्रांनो. मला थांबता येत नव्हते.

शेवटी तो शिडीवरून उडी टाकून खाली धावला. माळवदावरून मला सगळे दिसत होते. वळणावरून मातकट पाण्याची भिंतच आली. नरसिंगने ओरडून, ढकलून, दंडाला धरून बायांना मागे फिरवले. पंचफुला कमरेइतक्या पाण्यात बाभळीला धरून उभी होती. तिला त्याने केसाला धरून ओढून काढले.

नागुबाईचे घर टेकडीवर. तिथे पाणी कधीच चढले नसते. पण म्हातारीला गर्दीत मागे राहावे लागे, म्हणून माझा पहिला सूर कानी पडताच ती निघायची आणि वळणाची वाट टाळून ओढ्याच्या कोरड्या पात्रातूनच सरळ विहिरीकडे यायची. त्या दिवशीही तशीच निघाली. पाणी आले तेव्हा ती पात्राच्या मधोमध होती. एका खडकाला तिने मिठी मारली.

“दोर! दोर आणा कुणीतरी!” नरसिंग ओरडला. एका बाईच्या घागरीला दोर होता. तो त्याने फेकला. हातभर कमी पडला. त्याने पुन्हा फेकला. पुन्हा हातभर कमी. तो पाण्यात शिरायला लागला, तशी मावशी ओरडली, “नरशा, माघारी फिर! लेकरं हायती तुला.” हे पंचफुलाने नंतर सगळ्यांना सांगितले. मावशीचे शब्द संपेपर्यंत खडक पाण्याखाली गेला होता.

मी तेव्हा कुठे गप्प झालो होतो.

गावात कुणी नरसिंगला बोल लावला नाही. मलाही नाही. सिद्रामप्पांनी घरोघर जाऊन दोराचे तुकडे परत मागून आणले. दुकानात बसून ते त्यांच्या गाठी मारत राहिले आणि डोळे पुसत राहिले. नरसिंगने मला माळवदावरून उतरवून या खोलीत ठेवले. दुष्काळ संपेपर्यंत टँकर आला की तो घरोघर पायी जाऊन सांगायचा. टेकडीवरच्या त्या घरापाशी आला की त्याचे पाय अडायचे. आता नरसिंगही राहिला नाही.

मला राग येत नाही, मित्रांनो, वाईट वाटते. ज्या पोरी उन्हात वाळू नयेत म्हणून नागुबाईने मला कामाला लावले, त्या वाळल्या नाहीत. मी गावाचे भले केले असे सगळे म्हणत होते. आणि तिला घराबाहेर मीच बोलावले.

गेल्या महिन्यात गावाला पुन्हा अनुदान आले. विजेवर चालणारा नवा भोंगा चावडीवर बसला. खिडकीतून मी त्याला पाहिले. चांगला उंच, दणकट गडी आहे. त्याला बसवतानाच एक तरणा सदस्य म्हणाला, “नळाला पाणी सुटलं की बी हाच वाजवू. तेवढीच सोय.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पोत्यांखाली किती कासावीस झालो, पण दांडा फिरवल्याशिवाय मला बोलता येत नाही.

काल त्याची चाचणी झाली. लांब सूर निघाला. माणसे दारात आली आणि एकमेकांना विचारू लागली, “पाणी सुटलं का?” फक्त पंचफुला, आता पार म्हातारी झालेली, नातवाचे बोट धरून घरातून निघाली आणि महादेवाच्या टेकडीची वाट चढू लागली. हातात घागर नाही, काही नाही. मागून कुणीतरी म्हणाले, “आज्जे, नुस्ती चाचणी हाय!” लोक हसले. तिने मागे वळून पाहिले नाही.

मित्रांनो, तिला हसू नका. तिच्यामागून चढा.