पाचांमागची सहावी

"जबडा इतका वासू नकोस गं! बिजागरी निखळली, की कुणी ढुंकूनही बघणार नाही," असं कारखान्यात मला पॉलिश करणाऱ्या आजींनी बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. हसणं हाच तर माझा धंदा!

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. पण दचकू नका. मला तोंडात घालून आजवर कुणी एक घाससुद्धा चावलेला नाही. मी शिकवणीची कवळी. माझ्याकडे बघून लोक दात शिकतात. माझ्या हिरड्या गुलाबी रंगाच्या, आणि त्यांत एकेक दात स्वतंत्र स्क्रूने बसवलेला. पुढे चपटे पटाशीचे दात, कोपऱ्यावर टोकदार सुळे, त्यांच्यामागे उपदाढा, मग दाढा, आणि अगदी टोकाला उशिरा येऊन जागा अडवणाऱ्या अक्कलदाढा. माझी एक दाढ तर उभी कापून ठेवली आहे, आतलं दिसावं म्हणून. वरचं पांढरं कडक कवच म्हणजे एनॅमल. त्याच्या आत पिवळसर डेंटिन. आणि मधोमध लाल रंगवलेला मगज, ज्यात दाताची नस असते आणि जिथे कीड पोहोचली की माणूस गाल धरून नाचतो.

उमेदीची वर्षं मी दातांच्या कॉलेजात काढली. तिथले एक सर माझी पाठ थोपटून म्हणायचे, "हिच्यासारखी पेशंट शोधून सापडायची नाही. ओरडत नाही, हात धरत नाही आणि मध्येच थुंकायचंय म्हणत नाही." सगळा वर्ग हसायचा आणि मी आणखी मोठा आ वासायची. व्हायचं तेच झालं. एक दिवस बिजागरी कट्‌कन तुटली. वरचा जबडा एकीकडे, खालचा दुसरीकडे! तिथून मी एका लहानशा दवाखान्यात आले आणि हातमोज्यांच्या खोक्याखाली खणात जाऊन पडले. माझ्या खालच्या जबड्यात कुणीतरी टाचण्या ठेवायला लागलं. एवढा अपमान कोणत्या दाताचा झाला असेल?

आणि मग एका सकाळी खण उघडला!

उघडणारी होती दवाखान्याच्या काउंटरवर बसणारी नवी ताई. फोन घ्यायचा, पेशंटला वेळ द्यायची, हे तिचं काम. दवाखाना संध्याकाळी गजबजायचा, त्यामुळे ती घरी पोहोचेपर्यंत तिची सहा वर्षांची चिमी झोपून गेलेली असायची. लेकीला ती जागी बघायची ती फक्त सकाळी, तेही एक मोजा सापडत नसताना. खुर्चीजवळ डॉक्टरांना मदत करणाऱ्या काकू मात्र सकाळच्या पाळीला यायच्या. त्यांचे गुडघे आता बोलू लागले होते, म्हणून त्यांची जागा रिकामी होणार होती.

"जागा तुला देईन," डॉक्टरबाई ताईला म्हणाल्या, "पण शनिवारी मी एकेका दाताचा आकडा बोलणार आणि तू दातांच्या तक्त्यावर लिहायचंस. डावं-उजवं चुकलीस तर काउंटर बरा. इथे चूक झाली की चांगला दात उकरला जातो."

"शिकेन मी," ताई म्हणाली. डोळे कसे लखलखत होते! संध्याकाळी घरी राहायला मिळणार, एवढंच तिला दिसत होतं. शिकण्यापुरतं डॉक्टरबाईंनी तिला लवकर सोडलं. तिने टाचण्या ओतून टाकल्या, मला ब्रशने स्वच्छ घासलं आणि पिशवीत घालून घरी नेलं.

घरी तर काय धमाल! माझा खालचा जबडा टेबलावर बघून ताईच्या सासूबाईंचा हात झटकन स्वतःच्या तोंडाकडे गेला. "अगंबाई, माझी तर तोंडातच आहे. मग ही कुणाची पळवून आणलीस?"

"आई, ही चावते का?" चिमी.

"आगाऊ मुलांना चावते. चल, दात घासून ये."

काकूंनी ताईला पाढा दिला होता. तोंडाचे चार भाग करायचे. पेशंटचा वरचा उजवा पहिला, वरचा डावा दुसरा, खालचा डावा तिसरा, खालचा उजवा चौथा. मग पुढच्या दोन दातांमधल्या रेषेपासून मागे दात मोजत जायचं. खालच्या उजव्या बाजूचा सहावा दात म्हणजे चार-सहा. ताई माझा एकेक जबडा तळहातावर घेई आणि भाजी ढवळताना, कपडे वाळत घालताना पुटपुटे, "चार-पाच, चार-सहा, चार-सात." प्रत्येक दाताच्या बाजूसुद्धा तिने पाठ केल्या. गालाकडची, जिभेकडची, चावायची, मधल्या रेषेकडची आणि मागची. सासूबाई म्हणाल्या, "लग्नात नाव घ्यायला एवढी घोकली असतीस तर!"

शुक्रवारी काकू स्वतःच पेशंटच्या खुर्चीत बसल्या. समोर ताई. काकूंनी आ केला आणि आपल्या खालच्या उजव्या पहिल्या दाढेवर बोट ठेवलं.

"तीन-सहा!" ताई ठणठणीत आवाजात म्हणाली.

काकूंनी बोट हलवलं नाही. "पुन्हा बघ."

"तीन-सहाच आहे, काकू."

"अगं, माझा उजवा हात कुठला? कवळी कशी धरून शिकलीस, दाखव बघू."

ताईने मला हातात घेतलं. पुढचे दात बाहेरच्या बाजूला, जणू तिचाच जबडा. काकूंनी कपाळावर हात मारला. "स्वतःच्या तोंडासारखी धरलीस होय! पेशंट तुझ्या समोर बसतो बाई, तुझ्या आत नाही. त्याचा उजवा तुझ्या डावीकडे येतो. कागदावरही तसंच."

मित्रांनो, मी अखंड असते, तर टेबलावर समोरासमोर हसत उभी राहिले असते आणि ही गल्लत झालीच नसती. ताईचा चेहरा उतरला. सगळा पाढा उलटा पाठ झाला होता आणि शनिवार उद्यावर आला होता.

पण ही बाई रडत बसणारी नव्हती. त्या संध्याकाळी तिने चिमीला खिडकीजवळ खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसली. "चिमे, तुझा जेवायचा हात कुठला? वर कर. तो वरच ठेव."

"किती वेळ?"

"आईचं डोकं सरळ होईपर्यंत."

"म्हणजे मी म्हातारी होणार," चिमी म्हणाली, आणि सासूबाई खुदकन हसल्या.

जेवायचा हात ज्या बाजूला, तो पेशंटचा उजवा. हळूहळू ताईच्या डोक्यातली चक्रं उलटी फिरू लागली. मग खरेखुरे दात मोजायची पाळी. दुधाच्या दातांना भागांचे आकडे पाच ते आठ. खालचा उजवा म्हणजे आठवा. "आठ-एक, आठ-दोन, आठ-तीन, आठ-चार, आठ-पाच," ताई मोजत गेली आणि थबकली. पाचाच्या मागे आणखी एक दाढ होती.

"सासूबाई! इकडे या! हिला सहावी आहे!"

"असेल दुधाची. पडेल आपोआप."

"दुधाचे एका भागात पाचच असतात हो! ही कायमची आहे. चार-सहा! कधी आली, कुणाला कळलंसुद्धा नाही." तिला इतका आनंद झाला, की तिने चिमीचा पापाच घेतला. माझे तर स्क्रू सैल व्हायची वेळ आली. इतके दिवस माझ्यावर घोकलेली दाढ जिवंत तोंडात सापडली होती!

मग ताईने टॉर्च मारला. दाढेच्या वरच्या खाचेत काळी रेघ होती. तिने माझी कापलेली दाढ उचलली आणि एनॅमलवरून बोट फिरवत आत नेलं, पांढऱ्यातून पिवळ्यात. लालपाशी येऊन तिचं बोट थांबलं. "कुठवर गेली असेल?" ती पुटपुटली. ते मलाही माहीत नव्हतं.

शनिवारी ती चिमीला बरोबरच घेऊन आली. काळ्या रेघेचं ऐकून डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग आजची पेशंट हीच. दुधाचे आणि कायमचे दात एकत्र, म्हणजे सगळ्यात अवघड पेपर. घे पेन."

त्या भराभर बोलू लागल्या आणि ताई लिहू लागली. पाच-पाच ठीक. सहा-चार ठीक. आठ-पाच ठीक. "चार-सहा, चावायची बाजू, कीड." ताईचं पेन तक्त्यावर अधांतरी राहिलं. काकूंनी श्वास रोखला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझ्या घशाच्या जागी टेबल!

"चिमे," ताई हळूच म्हणाली, "जेवायचा हात."

खुर्चीतून एक छोटा हात वर आला. ताईने कागदाच्या डाव्या बाजूला, खाली, बरोबर चौकटीत खूण केली.

डॉक्टरबाईंनी तक्ता हातात घेतला, चिमीच्या तोंडाशी ताडून पाहिला आणि मान डोलावली. "बरोबर. कीड डेंटिनला नुकती टेकली आहे, मगज सुखरूप आहे. आज भरून टाकू. आणखी थोडे महिने गेले असते, तर ती मगजातल्या नसेला भिडली असती." मग ताईकडे वळून म्हणाल्या, "सोमवारपासून सकाळी ये. आणि पेशंटला हात वर करायला लावलंस तरी चालेल, पण मोठ्यांना 'चिमे' म्हणू नकोस."

काकू टाळ्या वाजवायला उठल्या आणि "आई गं, गुडघा!" म्हणत पुन्हा बसल्या. चिमी विचारत होती, "आई, म्हणजे तू आता रोज मी जागी असताना येणार?" ताईने तोंड वळवून मास्क वर ओढला. डोळे पुसायला मास्क पुरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मित्रांनो, ही सहाव्या जागेवरची दाढ कुठलाही दात न पाडता गुपचूप मागून येते, म्हणून घरातली शहाणी माणसंही तिला दुधाची समजतात. ती एकदाच येते. गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. म्हणून एक करा. तुमच्या घरात किंवा शेजारी सहा-सात वर्षांचं कुणी असेल, धाकटी बहीण, मामाचा मुलगा, समोरचा बोबडा दोस्त, तर आज उजेड आहे तोवर त्याला खिडकीशी उभं करा आणि आ करायला सांगा. मोठ्यांपैकी कुणालातरी सोबत घ्या. मधल्या रेषेपासून मागे मोजत जा. पाचांमागे सहावी दिसतेय का, आणि तिच्या खाचेत काळं काही आहे का, एवढं बघून याल ना?