साडेतीन सेंटिमीटरची खिडकी

पुठ्ठ्याच्या पट्टीतली खिडकी साडेतीन सेंटिमीटर रुंद होती. यामिनीने ती स्टीलच्या फूटपट्टीने तीनदा मोजली होती. छापील मराठीचे चार शब्द तीत मावत. जोडाक्षरांचा एखादा लांब शब्द आला तर तीनच. खालच्या काठाला अंगठ्याच्या घामाने तपकिरी कड धरली होती आणि मागच्या बाजूला केळीच्या खोक्यावरचा हिरवा छाप अर्धा दिसत होता.

लोणखेड्याच्या त्या क्लासमध्ये अशा साठ पट्ट्या होत्या. क्लासचे मालक नवनीत सर यांनी त्या केळीच्या रिकाम्या खोक्यांतून कापवून घेतल्या होत्या आणि प्रकाराला नावही दिलं होतं, 'खिडकी पद्धत'. भरती परीक्षेतल्या व्याकरणाच्या प्रश्नावर पट्टी ठेवायची. रिकाम्या जागेआधीचे चार शब्द तेवढे दिसू द्यायचे. त्यात जे नाम सापडेल त्याला जुळणारं क्रियापद निवडायचं आणि पुढे सरकायचं. एका प्रश्नाला नऊ सेकंद. 'वाक्य वाचणारा नापास होतो' हे सरांचं वचन फळ्याच्या वर ऑइलपेंटने रंगवलेलं होतं. माणूस आंधळेपणालाही पद्धत म्हणू शकतो आणि त्याची फी घेऊ शकतो, हे यामिनीला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

ती रसायनशास्त्राची एम.एस्सी. सामान्य विज्ञान शिकवायला आली होती; सरांना तपासायचा कंटाळा, म्हणून व्याकरणाचे पेपरही तिच्याकडे आले. तिने सवयीने नोंदी ठेवल्या: वर्गात पट्टीने सोडवलेले पेपर एकीकडे, घरून पट्टीविना सोडवून आणलेले दुसरीकडे. बहुतेकांचे पट्टीने दोन-तीन मार्क कमी होत. फुलवंताचे आठ.

फुलवंता धडगावकडच्या डोंगरातली. घरी पावरी बोलणारी. प्रमाण मराठी ती आश्रमशाळेच्या पुस्तकांतून शिकलेली, म्हणून परक्या गावातून वाट काढावी तशी ती प्रत्येक वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत चालत जाई. पट्टीविना पंचवीसपैकी बावीस, पट्टीने चौदा. मागच्या भरतीत तिची नोकरी दोन मार्कांनी गेली, आणि त्या दिवशी तिने सरांचं ऐकून प्रश्नपत्रिकेवर तळहात आडवा धरला होता. आता वयाची मर्यादा संपत आली होती. नऊ दिवसांनी होणारी परीक्षा तिची शेवटची.

हे आकडे यामिनीकडे मागच्या दिवाळीपासून होते. पुरावा अजून पुरेसा नाही, असं ती स्वतःला सांगे. पुरावा केव्हाच पुरेसा झाला होता. नोकरी जाईल म्हणून ती घाबरत होती, इतकंच. सरांबद्दल तिला वाटणाऱ्या तिरस्कारातला बराच मोठा वाटा अलीकडे तिच्याच नावावर जमा होत होता.

या वेळची परीक्षा संगणकावर होती. म्हणून सरावासाठी सरांनी एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब दोन तासांसाठी मागून घेतली. सगळे बसले, सगळ्यांनी पट्ट्या काढल्या, स्क्रीनवर ठेवल्या, आणि सगळ्या पट्ट्या खाली घसरल्या.

उभ्या काचेवर पुठ्ठा राहत नाही, हे साठ जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. एका मुलीने कपाळावरची टिकली काढून पट्टी चिकटवली. शेजारणीने पर्समधून टिकल्यांचं पाकीटच काढलं.

स्क्रीनवर प्रश्न होता: 'केळ्यांचे सगळे घड, एक पेटी सोडली तर, वेळेत ____.' पट्टीतून दिसत होतं 'पेटी सोडली तर, वेळेत'. ओळच्या ओळ 'पोहोचली'वर क्लिक करत गेली. फुलवंताची पट्टी मांडीवर पडली होती. तिने 'पोहोचले' निवडलं.

पुढचा प्रश्न शुद्ध वाक्य ओळखण्याचा. एका पर्यायात 'शहाद्याच्या स्टँडबाहेर थंड उसाचा रस बारा महिने मिळतो', दुसऱ्यात 'उसाचा थंड रस'.

"सर," पवन ओरडला, "दोन्हीकडे एकच दिसी ऱ्हायनं! 'रस बारा महिने मिळतो'."

"मंग दोन्ही बरोबर. 'ब' टाक नि पुढे चाल."

"पण सर, परीक्षेत पट्टी आत नेऊ देतील का?" टिकलीवाल्या मुलीने विचारलं. "गेटवर झडती घेतात."

सर क्षणभर थांबले. यामिनीला आशा वाटली. सर हसले.

"देवाने हात कशाले दिधात? दोन्ही हातांची खिडकी करा. असे!" त्यांनी दोन्ही तळहात स्क्रीनला लावले आणि मधल्या फटीतून विजयी मुद्रेने पाहिलं. फुलवंता सोडून सगळ्यांनी हात वर केले. एकोणसाठ स्क्रीन झाकले गेले.

"सर," फुलवंता म्हणाली, "दोन्ही हात स्क्रीनवर असतील, तर माउस कोण दाबणार?"

"शेजारनी बैन दाबी!" पवन म्हणाला. लॅब खदखदली.

सरांचा चेहरा उतरला आणि लगेच ताठ झाला. "तू जास्ती शहानपना करू नको. तुले मराठी येत नही, म्हणीसन तर ही पद्धत काढी. तुम्हना डोंगरमा कोण वाक्यं वाचस? लाव हात."

फुलवंताने हात लावले. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ उलटं पळत होतं. यामिनी सवयीने मोजू लागली. नऊ सेकंद. अठरा. तीस. स्क्रीनवरचा बाण जागच्या जागी उभा होता. सर दुसऱ्या रांगेत कोणाची तरी बोटं सरळ करत होते.

यामिनी उठली. लॅबच्या त्या टोकालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची तिला सवय नव्हती.

"फुलवंता, हात खाली घे. या पट्टीने तुझे दर वेळी आठ मार्क जातात. मला हे दिवाळीपासून माहीत आहे आणि मी गप्प बसले." सर वळले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा फुलवंताकडे. "उद्यापासून मी या क्लासला येणार नाही. सकाळी सातला माझ्या घरी ये, आपण पूर्ण वाक्यं वाचू. आणखी ज्याला यायचं असेल त्याने यावं. पट्टी आणू नये."