खाणीतलं आवतण

खडीवर सायकल चालवायची तर चाकात हवा थोडी कमी ठेवावी लागते. टम्म फुगलेलं चाक खडीवर ठरत नाही, उडतं आणि माणसाला आपटतं. हिरामण मुकादमाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. बदलापूर गावाच्या मागे डोंगरात दगडखाण चालू होती, तेव्हा वीस वर्षं त्यानं त्याच वाटेनं सायकल हाणली होती. तरी त्या दिवशी सकाळी हेंद्रेपाड्यातल्या घरासमोर बसून तो हवा सोडत होता, भरत होता, पुन्हा सोडत होता. शेवटी त्याची बायको बनूबाई वैतागली.

"अहो, निघा एकदाचे! ती बाई ताटकळली असेल तिकडे."

ती बाई म्हणजे चंद्री. डोंगराच्या पायथ्याशी वाडीत राहणारी, देऊची विधवा. देऊ खाणीत दगड फोडायचा आणि सत्त्याऐंशी साली, शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी, सुरुंगात सापडून मेला. त्याला आता नऊ वर्षं झाली होती, खाण बंद पडून सहा. त्याच्या लेकीचं, नवसीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. वाडीची रीत अशी, की लग्नाचं पहिलं आवतण घरच्या मेलेल्या माणसाला द्यायचं, तेही तो जिथे पडला तिथे जाऊन. चंद्रीचे गुडघे धरलेले, अर्धा कोस खडी तुडवणं तिला जमणारं नव्हतं. म्हणून तिनं निरोप धाडला होता, "हिरामणदादा, सायकलीवर न्या मला. ती जागा तुमच्याबिगर कोन दावनार?"

खरंच होतं ते. ती जागा हिरामणइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

आता काय झालं होतं ते सांगूनच टाकतो, उगाच ताणण्यात अर्थ नाही. सुरुंग उडवायच्या आधी शिट्टी मारायचं काम हिरामणचं. शिट्टी झाली की माणसं तळातून बाहेर निघायची आणि आपापली सायकल सोबत आणायची, कारण उडालेला दगड बसला की सायकलीचा चेंदामेंदा. सगळ्या सायकली क्रशरजवळच्या करंजाखाली लागायच्या. माणसं मोजायची म्हणजे डोक्याला ताप. एक विडी ओढायला जातो, दुसरा आडोशाला. सायकली कशा गुमान उभ्या राहतात! म्हणून हिरामण सायकली मोजायचा. अकरा लागल्या की सगळे बाहेर. ज्याला सायकल नाही तो कुणाच्या तरी कॅरिअरवर ठरलेला. गोमा नावाचा गडी रोज देऊच्या मागे बसायचा, म्हणजे देऊची सायकल आली की दोघंही आले. कित्येक वर्षं यात कधी चूक झाली नव्हती. मग माणसांची तोंडं कोण बघत बसतो?

त्या दिवशी गोमा तापानं फणफणला होता. देऊनं त्याच्या हातात आपली सायकल दिली. "तू हो फुडं, मी दोघांच्या पहारी उचलून येतो चालत." गोमानं सायकल करंजाला टेकवली आणि शेडमध्ये जाऊन पडला. हिरामणनं अकरा मोजल्या आणि सुरुंग उडवायची खूण म्हणून हात वर केला.

गोमानं हे संध्याकाळी त्याला रडत सांगितलं. पण तोवर मालकाच्या मुनशीनं कागद लिहून ठेवला होता, की मजूर दारू पिऊन पडला होता, त्याला शिट्टी ऐकू आली नाही. हिरामणनं सही ठोकली. शिमग्याचे दिवस, कुणाला खोटं वाटणार? खुद्द चंद्रीलाही वाटलं नाही. आदल्या रात्रीच दारूवरून तिचं नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. गोमा पुढे वांगणीकडे निघून गेला आणि तिथेच वारला. मग हिरामण एकटाच उरला, मूग गिळून गप्प.

आणि देवमाणूस म्हणून वाडीत ओवाळला जात होता तो! नवसीला शाळेत घालायला हा, कावीळ झाली तेव्हा उल्हासनगरला मोठ्या दवाखान्यात न्यायला हा, मुलगा बघायलाही हाच. पोरगी काका काका करत पाया पडायची. प्रत्येक वेळी तो मनात म्हणायचा, पुढच्या खेपेला सांगू. लग्न झालं की पोरगी जाणार मुरबाडच्या बाजूला. दारुड्याची लेक म्हणूनच जाणार. सांगायचं असेल तर आजच, हे त्याला कळत होतं.

वाडीतून चंद्रीला घेऊन तो निघाला. ती कॅरिअरवर गोणपाटाची घडी घालून एका अंगानं बसली होती, मांडीवर पळसाच्या पानांचा द्रोण, द्रोणात हळदीचे तांदूळ आणि सुपारी. पहिला चढ मोठ्या खडीचा. मुठीएवढे दगड चाकाखालून सटासट उडत होते. हँडल घट्ट धरलं तर सायकल अंगावर येते, सैल सोडलं तर भलतीकडे जाते. ते आपलं लहान पोराच्या हातासारखं धरायचं. पुढे वळणावर बारीक चुरी साचलेली, तिथे चाक रुतलं. हिरामण उभा राहून पॅडल मारू लागला. छातीचा भाता झाला.

"दादा, सायकल म्हातारी झाली का तुम्ही?" मागून चंद्री हसली.

"सायकल गं. मी तर अजून पोरगा आहे."

"पोरगा! धापा तर रेड्यावानी टाकताय."

एरवी तो हसला असता. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. तिचं तोंड दिसत नव्हतं, तिला त्याचं दिसत नव्हतं, याहून सोपी वेळ कुठली? "चंद्री बाय," असं म्हणालासुद्धा. "काय वं?" "काही नाही. नीट धरून बस." आणि चाक पुन्हा खडीवर खडखडायला लागलं.

क्रशरचं लोखंड कधीच भंगारात गेलं होतं, खाली सिमेंटचे चौथरे तेवढे राहिले होते. खाणीच्या तळात अर्ध्यावर हिरवं पाणी. पलीकडे सरळ उभा कातळ, त्यात सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या रेघा अजून दिसत होत्या. हिरामणनं सायकल लावली आणि पाण्याच्या कडेनं तिला एका सपाट दगडापाशी नेलं. "हितं," तो म्हणाला.

चंद्रीनं द्रोण ठेवला, पदर डोक्यावरून घेतला. मग तिनं कंबरेवर हात ठेवून कातळाकडे बघितलं आणि सुरू झाली, जशी काही तो समोर उभाच होता.

"ऐकलंस का रं दारुड्या? तुझ्या लेकीचं लगीन हाय. रीत हाय म्हून आले, नायतर आले नसते. पोरीला नऊ वर्सं लोकांनी काय काय ऐकवलं ते तुला काय म्हाईत! मांडवात ये, पन सुद्धीवर ये. त्या दिवशीवानी नको."

तिनं तांदूळ पाण्यात टाकले आणि मागे वळली. हिरामण तिथेच मटकन खाली बसला होता.

"दादा! काय झालं? चक्कर आली?"

"तो प्यायला नव्हता," हिरामण म्हणाला.

"कोन?"

"देऊ. त्या दिवशी थेंबसुद्धा घेतला नव्हता त्यानं. माझी चूक झाली, चंद्री बाय. मी माणसं मोजली नाहीत."

आणि मग सगळं सांगितलं. गोमाचा ताप, पहारी, करंजाखालच्या अकरा सायकली, मुनशीचा कागद. काहीच गाळलं नाही. सांगताना त्यानं तिच्याकडे एकदाही बघितलं नाही.

"तुमी सही केली?" तिनं विचारलं.

"केली."

"कागदावर खोटं लिवलंय ते ठाऊक असून?"

"हो."

तो शिव्यांची वाट बघत होता. धोंडा उचलून डोक्यात घातला असता तरी त्यानं हात आडवा धरला नसता. पण चंद्री त्याच्यावर चिडलीच नाही, हेच त्याला सोसवेना.

"नऊ पितरं झाली," ती हळूच म्हणाली. "एकदाबी त्याच्या नावाचा घास नाय ठेवला मी. म्हनलं, दारुड्याला कसला घास? उपाशी ठेवला मी त्याला, दादा. तापलेल्या मानसाला सायकल देनारा मानूस माझा, त्याला मी नऊ वर्सं उपाशी ठेवला."

मग ती पुन्हा कडेपाशी गेली. त्यांच्यात बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नाही, मेल्यावरही नाही. चंद्रीनं घेतलं. "देऊ!" ती ओरडली. "ए देऊ! मी चुकले रं! लेकीचं लगीन हाय, तू ये!" समोरच्या कातळावरून तिचाच आवाज परत आला, आणि ती तिथे उभी राहून ऊर फुटेस्तोवर रडली.

परत निघताना हिरामणनं सायकल तिच्यासमोर धरली. तिनं मान हलवली. "नको. मी चालंन."

"तुझे गुडघे..."

"चालंन म्हनलं ना!"

पुढे ती, अनवाणी, एकेक पाऊल खडीवर जपून टाकत. मागे हा, सायकल ढकलत. ती तीनदा खाली बसली, तीनदा आपली आपण उठली. त्याला हात पुढे करायचं धाडस झालं नाही. वाडीत पोचेपर्यंत ऊन माथ्यावर आलं होतं.

नवसी दारातच होती. काका आले बघून ती धावत आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. चंद्रीनं तिचा हात धरला. "पानी मागाहून दे. आधी काका काय सांगतायत ते ऐक. सांगा दादा, हिलाबी सांगा."

हिरामणनं दुसऱ्यांदा सांगितलं, सायकल धरून, उभ्यानंच. पहिल्यापेक्षा हे जड गेलं. पोरगी तांब्या हातात घेऊन ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं.

"म्हंजे बाबा पिऊन नव्हता पडला?"

"नाही, पोरी."

तिनं तांब्या खाली ठेवला. बाप गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि दारुड्यासाठी काय रडायचं, म्हणून आईनं तिला रडूही दिलं नव्हतं. आता ती उंबऱ्यावर बसली आणि तिनं हंबरडा फोडला. चंद्रीनं तिला कवटाळलं. वाडीतल्या बाया काय झालं म्हणून धावत आल्या, कळल्यावर त्याही बसल्या. लग्नघरात देऊसाठी रडणं सुरू झालं. हिरामण सायकल धरून अंगणात उभा होता. त्याला कुणी बस म्हणालं नाही आणि कुणी जाही म्हणालं नाही.